पाण्याची रेल्वे येण्यापूर्वी आणि गेल्यानंतर : लातूर, २०१६

मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची (टाकीच्या डब्यांची) एक मालगाडी सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूर स्थानकात पोचली, तेव्हा तिच्यात साधारण पाच लाख लिटर पाणी होते. पुढे ‘जलदूत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीला त्याच महिन्यात पन्नास वाघिणी जोडण्यात आल्या आणि एका खेपेत पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. यापूर्वी १९८६ मध्ये गुजरातेतील राजकोटला रेल्वेने पाणी पुरवण्यात आले होते. २०१६ मध्ये शहराची तहान अशीच रुळांवरून भागवण्याची वेळ लातूरकरांवर आली. या टंचाईबद्दल जे लिहिले आणि बोलले गेले, त्यातील बरेचसे या रेल्वेपासून सुरू होते आणि तिच्यापाशीच थांबते. माझ्या मते रेल्वे हा या प्रकरणाचा सर्वांत कमी बोध देणारा भाग आहे. बेभरवशाच्या पावसाला तोंड देण्यासाठी शेतकऱ्याने, घरमालकाने आणि व्यापाऱ्याने आपापल्या परीने जो बंदोबस्त केला, त्या सगळ्यांच्या बेरजेतून शहराचा सामाईक साठा कसा रिता झाला, हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण हवामान जसजसे अधिक लहरी होत जाईल तसतसे हेच इतर शहरांतही घडण्याचा धोका आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. लातूर हा महाराष्ट्रातील सर्वांत कोरडा जिल्हा नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असूनही येथील वार्षिक सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे. सोलापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यांत तो याहून बराच कमी असतो. मात्र या सरासरीतला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये आणि परतीच्या पावसात, बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पडतो. ते पट्टे आले नाहीत की जून-जुलैच्या भुरभुरीवर पिके कशीबशी तगतात, पण ओढे वाहत नाहीत आणि धरणात पाणी येत नाही. त्यामुळे शेत हिरवे आणि धरण कोरडे असे चित्र एकाच वर्षी दिसू शकते, आणि शहरातील माणसाला संकटाची चाहूल उशिरा लागते.

लातूर शहराची सारी भिस्त मांजरा प्रकल्पावर आहे. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगाव येथे बांधलेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर असून त्यातील सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर हा उपयुक्त साठा आहे. शहराबरोबरच लातूरची औद्योगिक वसाहत, अंबाजोगाई, केज आणि कळंब यांनाही येथूनच पाणी जाते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती. त्यात शिकवणी वर्गांसाठी मराठवाड्यातून आणि कर्नाटकच्या सीमाभागातून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांची भर घालावी लागते. दहावी-बारावीच्या निकालांनी प्रसिद्ध झालेल्या ‘लातूर पॅटर्न’ने शहराला पैसा आणि प्रतिष्ठा दिली, परंतु वाढलेल्या माणसांसाठी पाण्याचा दुसरा भरवशाचा स्रोत मात्र उभा राहिला नाही.

संकट एका वर्षाचे नव्हते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आणि फळबागा झोडपून काढल्या. त्याच वर्षीचा मान्सून देशपातळीवर सरासरीच्या १२ टक्के आणि २०१५ चा १४ टक्के कमी राहिला. सलग दोन तुटीचे मान्सून ही शंभरहून अधिक वर्षांच्या नोंदींत मोजक्या वेळाच घडलेली गोष्ट आहे. २०१५ मध्ये प्रशांत महासागरात अत्यंत तीव्र एल निनो (समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा तापून मान्सून दुबळा करू शकणारी स्थिती) होता आणि त्या वर्षी मराठवाड्यातील पावसाची तूट सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेली. धरणात नवे पाणी आले नाही. होते ते उन्हाने आणि उपशाने घटत गेले. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील उघड्या जलाशयाची पातळी केवळ बाष्पीभवनाने दररोज आठ-दहा मिलिमीटर खाली जाते, म्हणजे कोणी एक थेंब न उचलताही महिन्याला जवळपास एक फूट पाणी हवेत विरते. उपयुक्त साठा संपल्यावर शहर मृतसाठ्यावर आले. मृतसाठा म्हणजे विमोचकाच्या (धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या दाराच्या) खालच्या पातळीवर, गाळाच्या सोबतीने राहिलेले पाणी. ते घ्यायचे तर जलाशयात चर खोदून आणि पंप बसवून ते उपसा विहिरीपर्यंत ओढत आणावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तेही संपले आणि नळ बंद झाले.

नळ बंद झाल्यावर शहराचे घड्याळ टँकरच्या वेळेवर चालू लागले. महापालिकेचा टँकर आठ-दहा दिवसांतून एकदा येई आणि एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे दोनशे लिटर, म्हणजे एक बॅरल पाणी येई. तो कधी येणार हे निश्चित नसल्याने घरातील एका व्यक्तीला थांबून राहणे भाग होते. ही व्यक्ती बहुतेक ठिकाणी बाई असे, आणि ती रोजंदारीवर जाणारी असेल तर त्या दिवसाचा रोज बुडत असे. दुष्काळाच्या हिशेबात पिकांचे नुकसान, जनावरे, टँकरचा खर्च यांच्या नोंदी होतात. बायकांच्या आणि शाळकरी मुलींच्या गेलेल्या तासांची नोंद कोणत्याच रकान्यात होत नाही. मला ही या प्रकरणातील सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण ज्या खर्चाची नोंद नाही तो टाळण्यासाठी कोणी तरतूदही करत नाही.

घरातील पाण्याची उतरंड ठरून गेली. जारचे पाणी फक्त पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी, टँकरचे आंघोळीसाठी आणि कपड्यांसाठी, बोअरला काही येत असेल तर ते वापरायला. मराठवाड्यातील दुष्काळी गावांत बाजेवर किंवा परातीत बसून आंघोळ करायची आणि खाली साठलेले पाणी धुणे-भांडी किंवा शौचालयासाठी वापरायचे, ही पद्धत जुनी आहे. त्या वर्षी ती पक्क्या सिमेंटच्या घरांतही आली. पाहुण्यांना ‘या’ म्हणताना लोक अडखळू लागले, लग्नाच्या तारखा पुढे गेल्या किंवा कार्ये दुसऱ्या गावी झाली. खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी पाण्याची हमी देता येत नाही म्हणून विद्यार्थ्यांना घरी पाठवले. अनेक कुटुंबांनी मुलाबाळांना नातेवाइकांकडे हलवले. रुग्णालयांची स्थिती सर्वांत अवघड होती, कारण तेथे हात धुणे, उपकरणे निर्जंतुक करणे आणि डायलिसिस यांपैकी कशालाच काटकसरीचा पर्याय नसतो. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या.

टँकर भरण्याच्या ठिकाणी होणारी गर्दी आणि भांडणे पाहून जिल्हा प्रशासनाने मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात जमावबंदीचे कलम १४४ लागू केले. पाच किंवा त्याहून अधिक लोकांनी टाकीजवळ एकत्र येण्यास मनाई झाली. पाण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचा आधार घ्यावा लागणे ही नामुष्की खरीच, परंतु त्यामागची भीती काल्पनिक नव्हती. जुन्या पिढीतील माणसे या काळाची १९७२ शी तुलना करत होती. ‘बहात्तरला धान्य नव्हते, पण विहिरीला पाणी होते,’ असे मराठवाड्यातील कोणत्याही गावात ऐकायला मिळते. १९७२ च्या दुष्काळाला शासनाकडे रोजगार हमीच्या कामांचे आणि धान्यवाटपाचे उत्तर होते. धान्य दुसऱ्या राज्यातून पोत्यांत भरून आणता येते, महिनाभर साठवता येते. पाण्याचे वजन आणि रोजची गरज पाहता त्याच्या बाबतीत हे उत्तर किती अपुरे पडते, हे रेल्वेच्या हिशेबावरून स्पष्ट होते.

मिरजेला कृष्णेतून उचललेले पाणी रेल्वेच्या यंत्रणेत शुद्ध करून वाघिणींत भरले जाई. या वाघिणी आधी कोटा येथील कारखान्यात वाफेने धुऊन घेण्यात आल्या होत्या. लातूरला आल्यावर पाणी स्थानकाजवळच्या एका मोठ्या विहिरीत सोडले जाई, तेथून ते हरंगुळच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि मग पुन्हा टँकरने वस्त्यांत. मिरजेतील कर्मचाऱ्यांनी, लातूरच्या पाणीपुरवठा विभागाने आणि टँकरचालकांनी हे काम भर उन्हाळ्यात अहोरात्र केले, याबद्दल कृतज्ञताच वाटते. ऑगस्टपर्यंत गाडीच्या शंभराहून अधिक खेपा झाल्या आणि सुमारे पंचवीस कोटी लिटर पाणी शहराला मिळाले. हा आकडा मोठा वाटतो. परंतु माणशी १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा मान धरला, तर लातूरची रोजची गरज पाच ते सहा कोटी लिटर होते. म्हणजे चार महिन्यांत रेल्वेने आणलेले सारे पाणी शहराला नेहमीच्या वापराने चार-पाच दिवस पुरले असते. पंचवीस लाख लिटरच्या एका खेपेतून माणशी पाच-सहा लिटर मिळत होते. जीव वाचवायला तेवढे पुरते; शहर चालवायला पुरत नाही.

मग उरलेले पाणी कुठून येत होते? जमिनीखालून. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात पाणी मुरते आणि जुन्या आडविहिरी याच थरावर चालत. त्याखाली फक्त भेगांमध्ये थोडेफार पाणी असते आणि ते भरून यायला अनेक वर्षे लागतात. आडविहिरी आटल्यावर प्रत्येकाने बोअर घेतला, शेजाऱ्याने अधिक खोल घेतला, आणि सहाशे-आठशे फुटांपर्यंत जाऊनही कोरडे निघालेले बोअर घरोघरी दिसू लागले. राज्याच्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटरपेक्षा खोल, म्हणजे सुमारे दोनशे फुटांखालील विंधन विहिरींवर निर्बंधांची तरतूद आहे. टंचाईच्या दिवसांत रस्तोरस्ती उभ्या असलेल्या बोअरच्या गाड्या पाहिल्या की कायदा आणि व्यवहार यांतील अंतर वेगळे सांगावे लागत नाही. खासगी टँकर आणि जारचा व्यवसायही याच भूजलावर उभा होता. ज्याच्या शेतातल्या बोअरला पाणी होते तो ते विकत होता, आणि ज्याच्याकडे पैसे होते तो ते घेत होता. झोपडपट्टीतील कुटुंबाला मात्र महापालिकेच्या बॅरलवरच दिवस काढावे लागत होते.

उसाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी सुमारे चार टक्के क्षेत्रावर ऊस आहे आणि सिंचनाच्या पाण्यातील जवळपास दोन तृतीयांश पाणी तो घेतो, असा अंदाज कृषी धोरणाच्या चर्चेत वारंवार मांडला गेला आहे. पाटपाण्यावर वाढणाऱ्या उसाला वर्षभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. लातूरला आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेले पाणी नदीतून, बंधाऱ्यांतून आणि बोअरमधूनच येणार. २०१५-१६ च्या हंगामात शहर टँकरवर असताना मराठवाड्यातील कारखाने गाळप करत होते, आणि त्यावर झालेली टीका रास्त होती.

तरीही उसाचे खापर एकट्या शेतकऱ्यावर फोडणे मला पटत नाही. २०१४ च्या गारपिटीत हरभरा आडवा झाला, द्राक्षाचे घड गळाले, पण ऊस बहुतांशी उभा राहिला. पावसाने महिनाभर ओढ दिली तर सोयाबीन करपते, काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंगांतच कोंब फुटतात. ऊस या दोन्हींतून तगतो. त्याला रास्त व किफायतशीर दराचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचे, कायदेशीर पाठबळ आहे आणि कारखाना तो तोडून नेतो. तुरीचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास शहरांत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली, परंतु ज्या लातूरच्या बाजारात देशाच्या तुरीचे भाव ठरतात तेथील कोरडवाहू शेतकऱ्याकडे विकायला तूरच नव्हती. पुढे पीक चांगले आले तेव्हा भाव कोसळले. अशा स्थितीत ज्याच्याकडे थोडे पाणी आहे तो ऊस लावतो, कारण लहरी हवामानापासून त्याला मिळणारा तोच एक विमा आहे. त्या विम्याचा हप्ता मात्र सामाईक पाण्यातून भरला जातो. डाळींना खात्रीची खरेदी आणि गारपिटीत वेळेवर मिळणारी पीकविम्याची भरपाई असल्याशिवाय केवळ ऊसबंदीच्या घोषणेने हे गणित बदलणार नाही.

लातूरकर त्या उन्हाळ्यात हातावर हात ठेवून बसले नव्हते. ‘जलयुक्त लातूर’ या लोकचळवळीतून नागरिकांनी वर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्राचे सुमारे अठरा किलोमीटर लांबीत खोलीकरण आणि रुंदीकरण केले. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, वकील असे सर्व थरांतील लोक त्यात उतरले. पात्रात आणि बंधाऱ्यांत त्यामुळे जास्त पाणी थांबू लागले, हे मान्य करायला हवे. मात्र खडकापर्यंत पात्र खरवडल्यास आजूबाजूच्या मुरमातील पाणीही पात्रात उतरते, हा भूजल अभ्यासकांचा इशाराही तितकाच लक्षात घेण्यासारखा आहे.

आणि मग पाऊस आला. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस मराठवाड्यावर इतका जोरदार पाऊस कोसळला की काही महिन्यांपूर्वी तळ उघडा पडलेले मांजरा धरण काही दिवसांत भरले आणि त्याचे दरवाजे उघडावे लागले. नदीकाठच्या शेतांत पाणी शिरून सोयाबीन कुजले. ज्या शेतकऱ्याचे खरीप २०१५ मध्ये पाण्यावाचून गेले होते, त्याचे २०१६ मध्ये पाण्यामुळे गेले.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत, आणि त्याच काळात तेथील एकूण मान्सूनचा पाऊस मात्र घटला आहे. म्हणजे कोरडे दिवस वाढतात आणि पाऊस येतो तो एकदम येतो. २०१९ हे वर्ष याचा ठसठशीत पुरावा ठरले. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि सांगली-कोल्हापूरची गावे पाण्याखाली गेली. त्याच पावसाळ्यात लातूरमध्ये पाणी नसल्याने प्रशासनाला गणेशमूर्तींचे विसर्जन न करता त्या जमा करण्याचे आवाहन करावे लागले. तीन वर्षांपूर्वी जी कृष्णा लातूरला पाणी पुरवत होती, तिच्या काठची माणसे छपरांवर बसून बोटींची वाट पाहत होती. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषांनी मराठवाड्यात अतिवृष्टी केली आणि मांजरा धरणाचे दरवाजे पुन्हा उघडावे लागले.

अशा हवामानात एका वर्षाचे पाणी दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवणे हेच शहराच्या सुरक्षिततेचे मुख्य साधन ठरते, आणि आपली रूढ पद्धत नेमकी येथे कमी पडते. पावसाळा संपताच ऑक्टोबरच्या मध्यास धरणातील साठ्याचा आढावा घेतला जातो, पुढील जुलैच्या मध्यापर्यंतचे पिण्याचे पाणी आरक्षित केले जाते आणि उरलेल्या पाण्याचे सिंचनासाठी नियोजन होते. पुढचा पावसाळा वेळेवर आणि पुरेसा येईल, हे या पद्धतीत गृहीत धरलेले आहे. दोन मान्सून लागोपाठ फसले की हे गृहीतक कोसळते.

लातूरपुरता हिशेब मांडला तर हा प्रश्न सुटण्याजोगा दिसतो. शहराची वर्षाची गरज साधारण वीस दशलक्ष घनमीटर आहे, दोन वर्षांची चाळीस. बाष्पीभवनाची तूट आणि धरणावर अवलंबून असलेल्या इतर गावांचा वाटा धरून हा आकडा दुप्पट केला, तरी तो मांजराच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून कमीच भरतो. धरण भरेल त्या वर्षी एवढे पाणी दोन वर्षांसाठी बाजूला ठेवायचे ठरवले, तर लाभक्षेत्रातील शेतकऱ्याला एखाद्या आवर्तनावर, म्हणजे कालव्यातून सिंचनासाठी येणाऱ्या पाण्याच्या एका पाळीवर, पाणी सोडावे लागेल आणि त्याची भरपाई शहराने पाणीपट्टीतून द्यावी लागेल. शहराला ती जड जाईल, परंतु जारसाठी आणि खासगी टँकरसाठी लातूरकरांनी त्या वर्षी मोजलेल्या पैशांपुढे ती फार वाटू नये. त्याबरोबर गळती मोजण्यासाठी मीटर आणि शहराच्या हद्दीतील बोअरची नोंद या दोन गोष्टी लागतीलच, कारण किती पाणी कुठे जाते हे माहीत नसताना राखीव साठा किती दिवस पुरेल हे कोणालाच सांगता येणार नाही.

लातूरमध्ये दीर्घकाळ मागणी आहे ती उजनीच्या पाण्याची, आणि धरणे जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडण्याच्या मराठवाडा वॉटर ग्रीडचा आराखडाही चर्चेत राहिला आहे. दुसरा स्रोत असायला हवा, यात शंका नाही. पण २०१६ च्या उन्हाळ्यात उजनी धरण स्वतः मृतसाठ्यात गेले होते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यातही ते उणे साठ्यात, म्हणजे मृतसाठ्यात, बरेच खोल उतरले. ज्या वर्षी मांजरा आटते त्याच वर्षी उजनीही आटू शकते, आणि तेव्हा शेकडो कोटींच्या जलवाहिनीतून लातूरला काय मिळेल, याचे उत्तर त्या मागणीत नाही. त्यामुळे जलवाहिनीच्या निविदेआधी मांजरा धरणातील दोन वर्षांच्या पिण्याच्या आरक्षणाचा निर्णय लेखी व्हायला हवा, आणि तो धरण भरलेल्या वर्षी, कालव्यात पहिले आवर्तन सुटण्यापूर्वी घ्यायला हवा.